मोठ्या माशाचा संथ हिशेब

‘मोठा मासा लहान माशाला खातो’ हे वाक्य आपण राजकारणापासून किराणा दुकानापर्यंत कुठंही वापरतो. जुन्या ग्रंथांनी तर त्याला ‘मात्स्यन्याय’ असं भारदस्त नाव देऊन ठेवलं आहे. हा न्याय टोकापर्यंत ताणला, तर जगातल्या सगळ्यात मोठ्या माशानं काय खायला हवं? सुरमई, घोळ, ट्यूना, आणि मनात आलं तर एखादी होडीसुद्धा! प्रत्यक्षात त्याच्या ताटात असते जवळ्यासारखी बारीक कोळंबी, माशांची अंडी आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे तरंगते जीव.

हा मासा म्हणजे व्हेल शार्क. पूर्ण वाढ झालेला व्हेल शार्क दहा-बारा मीटर लांब भरतो, म्हणजे एसटीच्या एका गाडीएवढा. याहून मोठेही सापडले आहेत. सर्वांत मोठी विश्वासार्ह नोंद १८.८ मीटरची आहे. कराचीजवळच्या बाबा बेटापाशी पकडलेला व्हेल शार्क १२.६५ मीटर लांब होता आणि त्याचं वजन साडेएकवीस टनांच्या घरात होतं. म्हणजे चार-पाच हत्ती एकत्र केल्यासारखंच. हा कराचीचा समुद्र आपलाच अरबी समुद्र. तिथून खाली सौराष्ट्र, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत हा मासा आपला शेजारी आहे.

त्याच्याकडे पाहिलं की दोन कोडी पडतात. एवढं धूड एवढ्या बारीक खाण्यावर जगतं कसं? आणि पूर्ण वाढ झाल्यावर ज्याला समुद्रात फारसा शत्रू उरत नाही, तो आज नष्ट होण्याच्या वाटेवर का आहे? दोन्ही कोड्यांची किल्ली एकच आहे: या माशाचा संथपणा.

नाव व्हेलचं, कूळ मुशीचं

आधी नावाचा घोळ मिटवू. व्हेल म्हणजे देवमासा, आणि देवमासा हा मुळात मासाच नाही. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. व्हेल शार्क मात्र अस्सल मासा आहे. बाजारात मिळणाऱ्या मुशीच्या किंवा मोरीच्या कुळातला. तो कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो. ‘व्हेल’ हे विशेषण त्याला मिळालं ते आकारामुळे आणि देवमाशासारखं पाणी गाळून खाण्याच्या सवयीमुळे.

किनाऱ्यावर असं एखादं धूड लागलं, की वर्तमानपत्रांतही नावांची अदलाबदल होते. ओळखायची खूण सोपी आहे, शेपूट बघा. देवमाशाची शेपटी पाण्याला समांतर, आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाची शेपटी उभी असते आणि डावीकडे-उजवीकडे हलते.

विज्ञानाला या माशाची ओळख १८२८ साली झाली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या टेबल बे या उपसागरात साडेचार मीटरचा एक नमुना भाल्यानं मारला गेला आणि अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं. ऱ्हिंकोडॉन टायपस हे त्याचं शास्त्रीय नाव. त्याचे जवळचे नातलग समुद्राच्या तळाशी गालिच्यासारखे पसरून राहणारे नक्षीदार शार्क आहेत. घराणं तळाशी लोळणारं आणि हा एकटाच खुल्या समुद्राचा भटक्या.

इतर मुशींप्रमाणे याच्याही अंगात हाड नावाला नाही. सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात किंवा नाकाच्या शेंड्यात असते त्या लवचीक पदार्थाचा. हाडांहून हलका सांगाडा आणि यकृतात साठवलेलं तेल, या दोन गोष्टी त्याला पाण्यात तोलायला मदत करतात. हे यकृतातलं तेल लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घात केला.

साठ टँकर पाणी, पावणेतीन किलो जेवण

व्हेल शार्कचं तोंड दीड मीटरपर्यंत रुंद उघडतं. बहुतेक शार्कांचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं, याचं अगदी पुढं, नाकाच्या टोकाशी असतं. आत सुमारे तीन हजार दात आहेत, पण एकेक दात तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. त्यांचा खाण्याशी जवळजवळ संबंध नाही. खरं काम चालतं ते घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या वीस गाळण्यांवर. या गाळण्या स्पंजासारख्या जाळीदार असतात आणि जाळीचं एकेक भोक सरासरी १.२ मिलिमीटरचं असतं.

मेक्सिकोच्या युकाटन किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी जेवणाऱ्या व्हेल शार्कांची मापं घेतली आणि २०१० साली हिशेब मांडला. सहा मीटरच्या आसपास लांबीचा, म्हणजे तसा तरुण व्हेल शार्क तासाला सुमारे ६१४ घनमीटर पाणी तोंडातून सोडतो. घनमीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आठवा. असे साठाहून जास्त टँकर, दर तासाला. दिवसातले सात-साडेसात तास हे काम चालतं. आणि एवढ्या उपशातून तासाला हाती लागतं काय? सुमारे पावणेतीन किलो खाणं.

पाण्यात अन्न इतकं विरळ पसरलेलं असतं, म्हणूनच याला घाई परवडत नाही. माणसाच्या चालीच्या वेगानं, ताशी तीन-चार किलोमीटरनं, तोंड उघडं ठेवून तो पुढं सरकत राहतो. कधी एका जागी पाण्यात उभा राहतो आणि तोंडानं पाणी खेचून घेतो. अन्न दाट असलेल्या जागा शोधणं हेच त्याचं खरं कौशल्य. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर प्रवाळ अंडी सोडतात त्या सुमारास, कतारजवळच्या समुद्रात ट्यूनांनी अंडी घातली की, ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांची पिल्लं पाण्यात उतरली की हे मासे तिथं हजर असतात. सुगीच्या दिवसांत मजूर गावोगाव फिरतात तसे.

घरातल्या आरओ यंत्राच्या उलट

आता खरी गंमत. जाळीचं भोक १.२ मिलिमीटरचं आहे, पण व्हेल शार्कच्या पोटात त्याहून बारीक जीवही सापडतात. भोकापेक्षा बारीक वस्तू चाळणीत अडकते कशी? आणि दिवसभर चाळूनही चाळण तुंबत कशी नाही?

आपण पीठ चाळतो तेव्हा पीठ चाळणीवर सरळ वरून पडतं. थोड्याच वेळात कोंड्यानं भोकं बुजतात आणि चाळणीला चापट्या माराव्या लागतात. व्हेल शार्कच्या घशात पाणी गाळणीवर असं सरळ आदळत नाही. ते गाळणीच्या पृष्ठभागाला घासून, तिरकं वाहतं. पाण्याचा मोठा भाग वाटेत बाजूला वळून जाळीतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडतो. अन्नाचे कण मात्र आपल्या वेगामुळे सरळ पुढं, घशाच्या दिशेनं जात राहतात. जाळीवरून वाहणारा प्रवाहच जाळी झाडत राहतो. शेवटी घशाशी घट्ट झालेला अन्नाचा गोळा उरतो आणि मासा तो गिळतो.

आपल्या घरातलं आरओ यंत्र याच तत्त्वावर चालतं. तिथंही पाणी पडद्याला समांतर वाहतं आणि क्षार घेऊन बाजूच्या नळीतून निघून जातं, म्हणून पडदा लवकर तुंबत नाही. फरक एवढाच, की आपण गाळलेलं पाणी पितो आणि घट्ट झालेलं टाकून देतो, तर व्हेल शार्क गाळलेलं पाणी टाकून देतो आणि घट्ट झालेलं खातो. इतकं करूनही काही अडकलंच, तर तो चक्क खोकतो. पाण्याचा उलटा झोत येतो, गाळणी साफ होते.

पाठीवरची नक्षत्रं

व्हेल शार्कची पाठ करड्या-निळ्या रंगाची असते आणि तिच्यावर पांढरे ठिपके आणि फिकट रेघा असतात. प्रत्येकाचे ठिपके वेगळे. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच, जन्मभर ओळख पटवणारे. पण हजारो छायाचित्रांतले ठिपके जुळवायचे कसे? एका फोटोत मासा जवळ, दुसऱ्यात लांब. एकात सरळ, दुसऱ्यात तिरका.

उत्तर आकाशातून आलं. आपण मृग नक्षत्र ओळखतो ते ताऱ्यांच्या मांडणीवरून. ते उगवताना आडवं दिसो की मावळताना तिरकं, मांडणी तीच राहते. १९८६ साली खगोलशास्त्रासाठी एक गणिती पद्धत तयार झाली होती. ती ताऱ्यांच्या फोटोतले तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण करते आणि त्या त्रिकोणांच्या बाजूंची प्रमाणं ताडून पाहते. फोटो लहान-मोठा केला, फिरवला, तरी प्रमाणं बदलत नाहीत. संगणकतज्ज्ञ जेसन होल्मबर्ग, खगोलशास्त्रज्ञ झावेन अर्झुमानियन आणि सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रॅड नॉर्मन या तिघांनी हीच पद्धत माशाच्या ठिपक्यांना लावली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली. कल्ल्यांच्या लगेच मागचा, डाव्या कुशीचा फोटो त्यासाठी प्रमाण धरला जातो. पर्यटकांनी काढलेले फोटोही चालतात. या रीतीनं जगभरातल्या दहा हजारांहून अधिक व्हेल शार्कांची ओळखपत्रं तयार झाली आहेत, तीही एकाही माशाला हात न लावता.

घाट उतरणारी सायकल

व्हेल शार्क बराच वेळ पृष्ठभागाजवळ काढतो, पण मधूनच खोल बुडी मारतो. १,९०० मीटरपेक्षा जास्त खोलीच्या बुड्या यंत्रांनी नोंदल्या आहेत. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. ते उलटं करून पाण्यात बुडवलं तरी हा मासा त्याच्याही खाली जाऊन येईल. तिथं मिट्ट काळोख, कडाक्याची थंडी आणि प्रचंड दाब.

जाण्यात फायदा दुहेरी आहे. एक तर खोल पाण्यातलं अन्न हुडकता येतं. दुसरं, व्हेल शार्क पाण्यापेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे खाली जाताना शेपूट फारशी न हलवता नुसता घरंगळत जातो. घाट उतरताना आपण पॅडल मारणं थांबवतो तसंच. कष्ट पडतात ते फक्त वर येताना. पुढं सरकायचंच आहे, तर थोडं चढून आणि बरंचसं उतरून जाणं या आकाराच्या देहाला स्वस्त पडतं. खालून गारठून आला की तो उबदार पृष्ठभागाजवळ रेंगाळतो. त्याचं रक्त आपल्यासारखं स्वतः गरम राहत नाही. हे रेंगाळणंच पुढं त्याच्या जिवावर उठतं.

अशी काटकसर करत हा मासा किती लांब जातो? पनामाच्या कोइबा बेटाजवळ २०११ साली एका मादीला उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलं होतं. शास्त्रज्ञांनी तिचं नाव ‘ॲन’ ठेवलं. ८४१ दिवसांत तिनं २०,१४२ किलोमीटर अंतर कापलं आणि सबंध प्रशांत महासागर ओलांडून ती मारियाना गर्तेपाशी पोचली. पृथ्वीचा निम्मा घेर, आपल्या संथ चालीनं.

मणक्यातलं कॅलेंडर

झाडाचं वय खोडाच्या वर्तुळांवरून मोजतात, तशी शार्कच्या मणक्यातही वलयं असतात. वाद होता तो एक वलय किती काळाचं, यावर. काही शास्त्रज्ञ म्हणत सहा महिन्यांचं, काही म्हणत वर्षाचं. वरवर हा किरकोळ तपशील वाटतो, पण यावर माशाचं भवितव्य ठरतं. वलय सहा महिन्यांचं धरलं तर वय निम्मं निघतं, मासा भराभर वाढतो असं वाटतं आणि मारले तरी पुन्हा होतील, असा हिशेब मांडता येतो.

हा वाद सुटला अणुबॉम्बमुळे. १९५० आणि १९६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं, म्हणजे कार्बन-१४ चं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. तो हवेतून समुद्रात, समुद्रातून अन्नात आणि अन्नातून त्या काळातल्या सगळ्या जिवांच्या शरीरात गेला. जणू साऱ्या सृष्टीवर त्या काळाचा शिक्का बसला. तैवान आणि पाकिस्तानात जपून ठेवलेल्या मणक्यांत हा शिक्का कोणत्या वलयात दिसतो ते पाहिलं, की वलयांचा हिशेब ताडता येतो. २०२० साली निकाल आला: एक वलय म्हणजे एक वर्ष. पाकिस्तानातल्या एका माशाच्या मणक्यात पन्नास वलयं होती. म्हणजे मेला तेव्हा तो पन्नाशीचा होता.

व्हेल शार्क वयात यायला सुमारे २५ ते ३० वर्षं लागतात आणि आयुष्य शंभरीपर्यंत जाऊ शकतं, असा अंदाज आहे. निंगालूच्या माशांवर दहा वर्षं ठेवलेल्या नजरेतून आणखी एक गोष्ट कळली. नर लहानपणी लवकर वाढतात, पण आठ-नऊ मीटरवर थांबतात. माद्या सावकाश वाढतात आणि शेवटी नरांना मागं टाकतात.

तीनशे पिल्लांची आई

हा मासा अंडी घालतो की पिल्लं, हेही बराच काळ गूढ होतं. १९५३ साली मेक्सिकोच्या आखातात एका मच्छिमार बोटीच्या जाळ्यात मोठ्ठं अंडं आलं आणि त्यात सुमारे ३५ सेंटिमीटरचं व्हेल शार्कचं पिल्लू निघालं. मग पुस्तकांत छापलं गेलं, की हा अंडी घालणारा मासा आहे. पुढं चाळीस वर्षांनी ते खोडलं गेलं.

१९९५ साली तैवानच्या मच्छिमारांनी १०.६ मीटर लांबीची, १६ टनांची मादी मारली. तिच्या पोटात सुमारे ३०० गर्भ होते, काही अजून अंड्याच्या आवरणात आणि काही ६०-६४ सेंटिमीटर वाढून बाहेर यायला तयार. म्हणजे अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि जन्म होतो तो पोहणाऱ्या पिल्लाचा. सगळी पिल्लं एकाच वयाची नव्हती. त्यातल्या २९ गर्भांची जनुकं पुढं तपासली, तेव्हा त्यांचा बाप एकच निघाला. यावरून दिसतं, की मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि टप्प्याटप्प्यानं वापरते. संथपणा इथंही सुटत नाही.

तीनशे हा आकडा मोठा वाटतो. पण बांगड्याची मादी साधारण वर्षाची होताच हजारो अंडी सोडू लागते. व्हेल शार्कच्या मादीला पहिल्या बाळंतपणासाठी पंचवीस-तीस वर्षं जगून दाखवावं लागतं, आणि हातभर लांबीच्या पिल्लांना वाटेत खाणारे कमी नसतात.

हे आयुष्य मुदत ठेवीसारखं आहे. बांगडा म्हणजे बचत खातं. थोडं काढा, थोडं भरा, चालतं. व्हेल शार्क म्हणजे तीस वर्षांची ठेव. मुदतीआधी मोडली, तर हाती आलेलं मुद्दल तेवढं, व्याज शून्य. आणि माणसानं नेमकी ती मोडली.

होडी तरंगवणारं तेल

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास व्हेल शार्कची शिकार जुनी होती. त्याच्या यकृतातलं तेल लाकडी होड्यांना चोपडत, म्हणजे लाकडात पाणी मुरत नसे. ज्या तेलानं मासा स्वतःला तोलून धरायचा, त्याच तेलानं होड्या टिकायच्या. पृष्ठभागाशी रेंगाळणाऱ्या माशात मोठा आकडा रुतवायचा आणि दोराला रिकामी पिंपं बांधून सोडायची. पिंपं ओढून मासा थकला, की त्याला किनाऱ्याला आणायचं. या पिंपांवरूनच मच्छिमारांनी माशाचं नाव ठेवलं ‘बॅरल’.

तोवर मागणी गावापुरती होती. १९९० च्या दशकात तैवानात याच्या मऊ, पांढऱ्या मांसाला भाव आला. तिथं त्याला ‘टोफू शार्क’ म्हणत. निर्यात सुरू झाली आणि हंगामात मासे शेकड्यानं कापले जाऊ लागले. माइक पांडे यांनी हे दृश्य ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात दाखवलं. २००० सालच्या त्या फिल्मला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २८ मे २००१ रोजी भारत सरकारनं व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं. वाघाला मिळणारं संरक्षण मिळवणारा हा भारतातला पहिला मासा.

बॅरलची ‘व्हाली’ होते

कायदा दिल्लीत झाला, पण मासा अडकतो तो समुद्रातल्या जाळ्यात. तिथं ना पोलीस असतो, ना वनरक्षक. असतात ते फक्त बोटीवरचे खलाशी आणि त्यांचं हजारो रुपयांचं जाळं. मासा जिवंत सोडायचा तर जाळं कापावं लागतं. उशीर झाला तर कल्ल्यांभोवती गुरफटलेल्या जाळ्यानं तो गुदमरतो. म्हणजे कायद्याची खरी अंमलबजावणी होते ती कोयता हातात घेतलेल्या मच्छिमाराच्या मनात.

२००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरात वनखातं यांनी मिळून मोहीम सुरू केली. तिचे दूत झाले रामकथाकार मोरारी बापू. त्यांनी आकडे सांगितले नाहीत, कलमं सांगितली नाहीत. ते म्हणाले, ही मादी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. लेकीवर कुणी हत्यार उचलतं का? ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली. गुजरातीत व्हाली म्हणजे लाडकी. माहेर या शब्दाचं वजन मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. गावोगाव खऱ्या मापाचा हवा भरलेला व्हेल शार्क फिरला, पथनाट्यं झाली, पोरबंदर, द्वारका, वेरावळ यांसारख्या शहरांनी त्याला आपलं मानचिन्ह केलं.

भावनेला पैशाची जोडही दिली गेली. कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू झाली. आधी जाळं कापायला अधिकारी येण्याची वाट पाहावी लागे आणि तेवढ्यात मासा दमून जाई. मग मच्छिमारांच्याच हातात कॅमेरे दिले. जाळं कापतानाचा फोटो हाच पुरावा. तास वाचले, मासे वाचले. आजवर गुजरातच्या मच्छिमारांनी नऊशेहून अधिक व्हेल शार्क परत समुद्रात सोडले आहेत.

महाराष्ट्रानंही हीच वाट धरली. २०१८ च्या डिसेंबरपासून व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असे संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर वनविभागाचा कांदळवन कक्ष मच्छिमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतो. इथंही पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ चालतो.

न दिसणारे अपघात

शिकार बऱ्याच देशांत थांबली. मालदीवनं १९९५ साली, फिलिपिन्सनं १९९८ साली आणि शेवटी तैवाननंही बंदी घातली. तरीही २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं या माशाला ‘असुरक्षित’ गटातून काढून अधिक गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं. त्याच्या तीन पिढ्यांत, म्हणजे ७५ वर्षांत, जगातली संख्या निम्म्याहून खाली आली. हिंद आणि प्रशांत महासागरांत तर घट ६३ टक्के आहे.

कारणांपैकी एक अगदी अलीकडे उजेडात आलं. २०२२ साली साडेतीनशेच्या आसपास व्हेल शार्कांच्या वाटा आणि जगभरातल्या मोठ्या जहाजांच्या वाटा एकमेकांवर ठेवून पाहिल्या. माशांच्या वावराच्या ९२ टक्के क्षेत्रातून जहाजं जात होती. काही माशांवरची यंत्रं जहाजांच्या वाटेवर गेल्यावर एकाएकी वेगळा आलेख देऊ लागली: मासा सावकाश, न थांबता, शेकडो मीटर खाली तळाकडे चालला आहे. शार्क मेला की तरंगत नाही, बुडतो. किनाऱ्याला प्रेत लागत नाही आणि जहाजाला धक्काही जाणवत नाही. पृष्ठभागाजवळ चालीच्या वेगानं फिरणाऱ्या माशाला महामार्ग ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखं नशीब आलं. काही ठिकाणी देवमाशांसाठी जहाजांना ठराविक पट्ट्यात वेग कमी करायला लावतात. व्हेल शार्क जमतात त्या मोजक्या जागी हंगामापुरतं तेच करता येण्यासारखं आहे.

पर्यटनाचं पारडं दोन्हीकडे झुकतं. निंगालूला माशाला हात लावायचा नाही, तीन-चार मीटर अंतर राखायचं, असे नियम पाळून गावं कमावतात. फिलिपिन्समधल्या ओस्लोब इथं मात्र पर्यटकांसाठी माशांना रोज खाऊ घालतात. मग भटका मासा एका जागी रेंगाळतो, होड्यांना घाबरेनासा होतो आणि अंगावर जखमा घेऊन हिंडतो.

थोडक्यात: व्हेल शार्क

• आकार: साधारण १०-१२ मीटर, मोठी नोंद १८.८ मीटर
• खाणं: बारीक तरंगते जीव, माशांची अंडी, छोटे मासे, पाणी गाळून
• वयात येणं: सुमारे २५-३० वर्षांनी
• पिल्लं: पोटातच अंडी फुटून जन्म, एका मादीत सुमारे ३०० गर्भांची नोंद
• ओळख: डाव्या कुशीवरचे ठिपके, प्रत्येकाचे वेगळे
• धोके: जाळी, जहाजांची धडक, शिकार, बेशिस्त पर्यटन
• भारतात संरक्षण: २८ मे २००१ पासून, वन्यजीव कायद्याचं पहिलं परिशिष्ट
• जाळ्यात सापडला तर: पाण्यातच जाळं कापा, शेपटीला दोर बांधून ओढू नका, फोटो-व्हिडिओ काढा, वनविभागाला कळवा

हिशेब अजून सुरू आहे

संरक्षणाचा कायदा होऊन पाव शतक होत आलं, मग व्हेल शार्क वाढले का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. आपलं घड्याळ पाच वर्षांच्या निवडणुकीचं, फार तर दहा वर्षांच्या योजनेचं. या माशाचं घड्याळ वेगळं आहे. २००१ साली, ज्या वर्षी भारतात त्याला मारणं गुन्हा ठरलं, त्या वर्षी अरबी समुद्रात जन्मलेली आणि तेव्हापासून प्रत्येक जाळ्यातून, प्रत्येक जहाजाखालून वाचलेली मादी आत्ता कुठं पहिल्या बाळंतपणाच्या वयाला पोचते आहे.